लोकोत्सवाचा मंच आणि निनावी गळा

जळगाव-धुळे परिसरात भरणाऱ्या लोकोत्सवांविषयी मराठीत जे काही लिहिले जाते, त्याचा स्वर बहुधा कृतज्ञतेचा असतो. नव्या पिढीच्या कानांवर आपल्या मातीतली गाणी पडतात, भरीत-भाकरीच्या दालनापासून अहिराणी कथाकथनापर्यंत सारे एका मैदानावर येते, माणसे सहकुटुंब हजेरी लावतात. मग आणखी काय हवे, असा हा युक्तिवाद. विद्यापीठांना जे जमले नाही ते मांडवाने केले, असेही वर ऐकवले जाते. अशा कृतज्ञतेला हरकत घेणारा अरसिक ठरण्याचा संभव आहे. तरीही हरकत घेतली पाहिजे, आणि ती मांडव घालणाऱ्यांपेक्षा समीक्षकांवर घेतली पाहिजे; कारण उत्सवाच्या मंचावर लोकसाहित्याचे जे होते त्याची सैद्धांतिक तरतूद मराठी समीक्षेने केव्हाच करून ठेवली आहे.

प्रथम 'सहकुटुंब' हा शब्दच तपासू. खान्देशातला कानबाईचा उत्सव मुळातच सहकुटुंब आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्र गाण्यांत जागवली जाते, सोमवारी मिरवणुकीने विसर्जन होते. पोटामागे पांगलेले भाऊबंद त्यासाठी गावी परततात, आणि रोट भाऊबंदांतच खाल्ला जातो. या कुटुंबाला कडा आहेत. आतले कोण आणि बाहेरचे कोण हे त्या रोटावरून ठरते. अशा रात्री ऐकणारी बाई प्रेक्षक नसते. ती पुढची ओळ उचलते, चुकलेली सावरते, लांबलेली तोडते. मौखिक वाङ्मयाला समीक्षा असते काय, असा प्रश्न परीक्षेत विचारला जातो. ती असते, आणि त्याच घरात, गाणारीच्या शेजारी मांडी घालून बसलेली असते. मंचावर या श्रोतीची जागा निवेदक घेतो. तो गाणारीला सावरत नाही, फक्त वेळ संपल्याचे सांगतो.

आखाजीचे उदाहरण अधिक बोलके आहे. अक्षय तृतीयेला माहेरी आलेल्या लेकी गौराईची आणि झोक्यावरची गाणी म्हणतात. त्या गाण्यांत माहेरची ओढ असते हे पाठ्यपुस्तकांनी पुष्कळ सांगितले आहे. सासरच्या माणसांवरचा रागही त्यांत असतो, टोमणे असतात, आणि दोन बाजूंच्या बायकांची शिव्यांची चकमकही या सणाला वर्ज्य नाही. लग्नात विहिणीला उद्देशून म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांची जातकुळीही हीच. उत्सवाच्या मैदानावर फुलांनी सजवलेला झोका येतो; शिवी येत नाही. मुलाबाळांसमोर ते शोभत नाही, हे कारण दिले जाते आणि ते खोटेही नाही. परंतु ज्या गाण्यांचा विषयच कुटुंब आहे ती गाणी कुटुंबासमोर म्हणता येत नाहीत, यातला विरोध कोणाला खटकत नाही. गाळलेल्या शिवीबरोबर फक्त अश्लीलता जात नाही. वर्षातून एकदा, सणाच्या आडोशाने, सुनेला जे बोलण्याची मुभा होती ती मुभाच संहितेतून वजा होते. उरते ते गोड लोकगीत. आणि खान्देशी स्त्री किती सोशिक, असा निष्कर्ष काढायला अभ्यासक मोकळे होतात.

आता समीक्षेच्या वाट्याकडे वळू. लोकसाहित्याची जी व्याख्या पिढ्यान्‌पिढ्या पदव्युत्तर वर्गांत घोकली गेली तिचे तीन खांब आहेत: ते समूहाने निर्मिलेले असते, अनामिक असते, परंपरेने चालत आलेले असते. या व्याख्येत वर्णन किती आणि सोय किती? गाणे अनामिक असते म्हणजे काय? ते म्हणणाऱ्या बाईला नाव असते. गावात तिची ख्याती असते, कोणते गाणे तिच्याइतके कोणालाच साधत नाही हे शेजारणींना ठाऊक असते. टिपून घेणाऱ्याने नाव विचारले नाही, म्हणून गाणे अनामिक झाले. संग्राहकाच्या आळसाला वाङ्मयप्रकाराचे लक्षण म्हणून प्रतिष्ठा मिळाली. पुढे मंचावरून 'सादर होत आहे एक खान्देशी लोकगीत' एवढीच घोषणा होते तेव्हा निवेदकाला दोष देण्यात अर्थ नाही. तो शास्त्रशुद्ध बोलत असतो. कर्ता नाही म्हटले की श्रेयाचा प्रश्न उरत नाही, मानधनाचा प्रश्न शिष्टाचारापुरता उरतो, आणि गाणारीला काही म्हणायचे आहे ही शक्यता तर उद्भवतच नाही. पावरा आणि भिल्ल समाजांच्या वाट्याला याहूनही कमी येते: पाहुण्यांना प्रवेशद्वारापासून व्यासपीठापर्यंत नाचत पोहोचवायचे आणि मग बाजूला उभे राहायचे.

बहिणाबाई चौधरी यांचे नाव या आक्षेपावरचे उत्तर म्हणून पुढे केले जाते. वस्तुतः ते आक्षेपाचा पुरावा आहे. असोद्यात १८८० साली जन्मलेल्या या निरक्षर शेतकरी बाईची गाणी तिचे कवी पुत्र सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी उतरवून घेतली नसती तर काय झाले असते? डिसेंबर १९५१ मध्ये तिचे निधन झाले. १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली आणि मराठीला एक श्रेष्ठ कवयित्री मिळाली. तिच्या प्रतिभेविषयी वाद नाही. परंतु एकाच शिवारात गाणाऱ्या दोन बायकांपैकी एकीचे गाणे 'काव्य' आणि दुसरीचे 'लोकगीत' हा भेद गुणांची तुलना करून ठरलेला नाही, कारण दुसरीचे गाणे तुलनेसाठी उरलेच नाही. घरात लिहिणारा होता की नव्हता, एवढ्यावर तो ठरला. बहिणाबाईंची गाणी निसर्गदत्त चमत्कार म्हणून वाचण्याची जी सवय समीक्षेला लागली तिने हा प्रश्न कायमचा मिटवला. चमत्काराला शेजारणी नसतात.

शिवाय तिची बोलीही धड ओळखली जात नाही. जळगावच्या पूर्वेकडील लेवा बोलीतली ही गाणी मंचावरून सर्रास अहिराणी म्हणून सांगितली जातात. धुळ्याकडच्या श्रोत्याला फरक पहिल्या ओळीत कळतो, आणि तो सौजन्याने गप्प बसतो. ग्रिअर्सनने १९०७ च्या खंडात खान्देशीची मांडणी भिल्ल भाषांबरोबर केली. २०११ च्या जनगणनेने अठरा लाखांहून अधिक भाषकांची खान्देशी मराठीबाहेर स्वतंत्र मोजली. ही वर्गीकरणे मान्य करावीत असे नाही, पण त्यांच्याशी भांडण्यासाठी आधी बोलींमधला भेद कानाला लागावा लागतो. सरसकट 'खान्देशी' नावाच्या उत्सवी भाषेत तो ऐकू येत नाही.

हाच वाद आफ्रिकी साहित्यविचारात अधिक उघडपणे झाला आहे, आणि त्याची दखल मराठीत फारशी घेतली गेलेली नाही. लोकसंगीत, काव्य आणि कथन यांच्या उत्सवाची आफ्रिकी परंपरा मोठी आहे: १९६६ मध्ये सेनेगलचे राष्ट्राध्यक्ष असलेले कवी सेंघोर यांच्या पुढाकाराने डाकारला पहिला जागतिक कृष्णवर्णीय कला महोत्सव झाला, १९७७ च्या आरंभी लागोसला दुसरा. त्याच १९७७ मध्ये केनियातील कामिरीथू गावात न्गुगी वा थिओंगो आणि न्गुगी वा मिरी यांचे गिकुयू नाटक शेतकरी-कामगारांनी उभे केले. त्यात गावची गाणी होती, नाच होते, आणि जमिनी कोणी बळकावल्या याची उघड चर्चाही होती. काही आठवड्यांत प्रयोगांचा परवाना काढून घेण्यात आला. वर्ष संपता संपता थिओंगो तुरुंगात होते. लोकगीताला राज्यकर्त्यांचा विरोध कधीच नव्हता. ते कोणाला उद्देशून म्हटले जाते, यावर सारे ठरले.

थिओंगो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये नैरोबी विद्यापीठात इंग्रजी विभागच रद्द करण्याची मागणी केली, तेव्हा मौखिक परंपरेचा अभ्यास केंद्रस्थानी असावा हा तिचा गाभा होता. युगांडाच्या पिओ झिरिमू यांनी 'ऑरेचर' ही संज्ञा घडवली ती याच मंथनातून. 'ओरल लिटरेचर' म्हणताना मौखिकाला लिखिताच्या घरी आश्रित म्हणून ठेवले जाते, हे त्यांनी ओळखले होते. रूथ फिनेगन यांनी १९७० च्या ग्रंथात प्रयोग आणि प्रयोगकर्ता यांना महत्त्व दिले, पण आफ्रिकेत महाकाव्य आहे काय याविषयी शंका घेतली. इसिडोर ओक्पेव्हो यांनी १९७९ मध्ये तिला ग्रंथभर उत्तर दिले. त्या उत्तराचे बळ गायकाकडे कलावंत म्हणून पाहण्यात आहे. परंपरा त्याच्या तोंडून बोलते असे म्हणून ते थांबत नाहीत. या गायकाने या रात्री, या श्रोत्यांसमोर काय बदलले, हे विचारतात. मराठीतल्या देशीवादी चर्चेने मातीचे गुणगान पुष्कळ केले. हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला.

हे इकडे अशक्य आहे असेही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या त्या गाणारीचे नाव आणि गाव यांसह. एकेका बाईच्या ओव्या सलग वाचता येतात, तिचे लाडके विषय आणि तिचा तिरकसपणा दिसू लागतो, आणि 'अनामिक' हे लक्षण गळून पडते. उत्सवामुळे कलावंतांना चार पैसे मिळतात, मुले बोली ऐकतात, हे प्रतिपक्षाचे म्हणणे खरेच आहे. मांडव मोडावा अशी कोणाची मागणी नाही. मात्र पाच मिनिटांच्या तुकड्याला संवर्धन म्हणू नये, आणि समीक्षकाने उद्घाटनाच्या भाषणात ते म्हणायला तर नक्कीच जाऊ नये.

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. अक्षरओळख नसलेल्या बाईचे नाव पदव्या देणाऱ्या संस्थेला लागावे, ही घटना सोहळ्यापुरती संपवण्यासारखी नाही. ज्या समीक्षाव्यवहारात असे घडते तिथे लोकसाहित्याच्या प्रबंधाला परिशिष्ट जोडताना गाणारीचे नाव, तिचे गाव, तिची बोली, गाणे कोणत्या प्रसंगी, कोणासमोर म्हटले गेले, आणि तिने ते दुसऱ्यांदा म्हणताना काय बदलले, एवढे लिहिणे सक्तीचे करता येईल. आखाजीच्या शिव्याही त्या परिशिष्टात याव्यात. तिथे मुलेबाळे नसतात.