कण्यातील वेदना आणि कपाटातील मॉर्फीन

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाबाहेर पदपथावर पथाऱ्या टाकून राहणारी कुटुंबे मुंबईकराच्या नजरेला सरावली आहेत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत ज्यांना जागा मिळते ते त्यातल्या त्यात भाग्यवान. १९४१ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयाने कर्करोगावरील उपचार सामान्य माणसाच्या आटोक्यात आणले, याविषयी दुमत नाही. परंतु रोगावरील उपचार आणि वेदनेवरील उपचार ही दोन निरनिराळी कामे आहेत, हे आपल्या समाजाने आणि, स्पष्टच बोलायचे तर, अनेक डॉक्टरांनीही अद्याप पुरते मनावर घेतलेले नाही.

स्तन, फुप्फुस किंवा प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग हाडांत पसरतो तेव्हा पुष्कळदा तो पाठीचा कणाच गाठतो. मणका पोखरला जातो, मज्जातंतू दाबले जातात, कधी मणका अकस्मात खचतो. लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्या कारकुनाची पाठ दुखणे ही गिरगाव-लालबागमध्ये बातमी नव्हे, आणि धोका नेमका तेथेच आहे. साधी पाठदुखी आडवे झाल्यावर बहुधा उतरते. ही मात्र रात्री, पडल्यावर वाढते, शिंकताना कळ उठते, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते. पूर्वी कर्करोग होऊन गेलेल्या माणसाने अशा दुखण्यावर बाम चोळीत बसू नये. कणा ‘मोकळा’ करणाऱ्या मालीशवाल्याच्या हाती तर पाठ देऊच नये. पाय लटपटू लागले, बधिर झाले किंवा लघवी अडली तर मज्जारज्जूच दाबला जात असण्याचा संभव असतो, आणि मग त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. तेथे एमआरआय, स्टेरॉइड, किरणोपचार, निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया हा क्रम ठरलेला आहे. उपचार सुरू होताना जो चालता असतो त्याचे चालणे बहुधा टिकते. गेलेले पाय परत येणे अवघड.

केवळ वेदनाशमनाचा विचार केला तर किरणोपचाराची आठ ग्रेची एकच मात्रा अनेक दिवसांच्या हप्त्यांइतका आराम देते, हे चाचण्यांतून वारंवार दिसले आहे. काहींना ती पुन्हा द्यावी लागते, हे खरे. तरीही पदपथावर मुक्काम असलेल्या मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने हा तपशील लहान नाही.

राहिले मॉर्फीन. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांच्या चढत्या पायऱ्या आखल्या आणि तीव्र वेदनेला तोंडाने घ्यावयाचे मॉर्फीन द्यावे असे सांगितले. त्याच वर्षी डॉ. लुईस डिसूझा यांनी वांद्र्यास शांती अवेदना सदन उभारले. पण आदल्याच वर्षी संसदेने अमली पदार्थविरोधी कायदा संमत केला होता. चोरट्या व्यापाऱ्यांसाठी विणलेल्या जाळ्यात अडकला तो रुग्ण. परवान्यांची संख्या आणि शिक्षेची धास्ती एवढी की, औषधविक्रेत्यांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात सरकारच्याच परवान्याने अफू पिकते, नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जाते, परदेशीही रवाना होते. घरच्या रुग्णाला मात्र गोळी नाही! ही विसंगती थोडीफार दूर व्हायला २०१४ ची दुरुस्ती यावी लागली. तिने मॉर्फीनसारख्या आवश्यक औषधांसाठी अनेक परवान्यांची अट काढून मान्यताप्राप्त रुग्णालयांचा मार्ग मोकळा केला.

कायदा बदलला तरी भीती उरली आहे. व्यसन लागेल, हे तर शेवटचे औषध, असे म्हणून घरचेच लोक गोळी नाकारतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेपुरते दिलेले मॉर्फीन क्वचितच व्यसन लावते. बद्धकोष्ठ मात्र हटकून होते, त्याचे औषध सोबत द्यावेच लागते. शिवाय रुग्णालयाने मान्यता मागितली आणि प्रशिक्षित डॉक्टर नेमला तरच हा मार्ग उपयोगाचा. जिल्ह्याजिल्ह्यांत ही व्यवस्था किती ठिकाणी खरोखर चालते, हे आरोग्य खात्याने एकदा जाहीर करावे. म्हणजे गोळ्या संपल्या तर रत्नागिरीच्या रुग्णाने खचलेला मणका घेऊन पुन्हा रात्रीच्या गाडीने परळला यावयाचे की काय, हे तरी त्याला कळेल.