अनुवादाचा कागद

कोलकात्याच्या ‘स्त्री-साम्या’ या छोट्या प्रकाशन संस्थेचे नाव आपल्या किती कार्यकर्त्यांनी ऐकले असेल? मंदिरा सेन यांनी चालविलेल्या या संस्थेमागे ना भांडवलदार, ना मठ, ना सरकारी अनुदानाचा डोलारा. तरीही १९९६ साली कांचा इलैया यांचे ‘व्हाय आय ॲम नॉट अ हिंदू’ इथूनच आले आणि प्रस्थापितांची झोप उडाली. ओमप्रकाश वाल्मीकी यांचे ‘जूठन’ २००३ साली अरुण प्रभा मुखर्जी यांच्या इंग्रजी अनुवादातून इथूनच जगापुढे गेले. २००८ साली आपल्या उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ माया पंडित यांनी इंग्रजीत नेले, तेही याच दारातून; पुढच्याच वर्षी त्याची आवृत्ती अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढली. २०१८ साली मनोरंजन ब्यापारी यांचे बंगाली आत्मकथन शिप्रा मुखर्जी यांच्या अनुवादातून आले, त्यातही ‘साम्या’चा वाटा होता. तेलंगणाचा विचारवंत, डेहराडूनचा कवी, कोकणातली लेक आणि कोलकात्याचा रिक्षा ओढणारा माणूस असे एका छपराखाली आले. हे गोत जातीने नव्हे, पुस्तकाने जमले.

या गोतात अनुवादक हा कायम मागच्या ओळीत. ‘आयदान’ म्हणजे बांबूची विणलेली भांडीकुंडी. कोकणातल्या महारवाड्यात आईच्या हातातून सुटणारा तो शब्द इंग्रजीत न्यायचा म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. नुसता शब्दकोश इथे कामाचा नाही.

आणि ही रीत आपल्याला नवी नाही. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने माघार घेतल्यावर बाबासाहेबांनी १९३६ साली आपले भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत ते काय नोंदवतात? गुजराती आणि तमिळ अनुवाद झाले, मराठी, हिंदी, पंजाबी आणि मल्याळमचे चालू आहेत. पुस्तक किती भाषांत पोहोचले, याचा हिशेब त्यांनी ठेवला होता. आपण ठेवतो का?

इथे वकील म्हणून स्पष्ट बोलणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एक ज्येष्ठ आत्मकथाकार माझ्याकडे आले. त्यांच्या पुस्तकाचा दुसऱ्या भाषेत अनुवाद निघाला होता, दुसरी आवृत्तीही संपली होती. हातात ना पत्र, ना मानधन, ना प्रत. मी विचारले, ‘काका, काही लिहून घेतले होते?’ ते म्हणाले, ‘चळवळीतला माणूस. त्याच्याकडे कागद कसा मागायचा?’

हा संकोच मला ठाऊक आहे, कारण तो माझ्या घरातही आहे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कोऱ्या कागदावर अंगठे दिले, त्यांना कागदाची भीती वाटणारच. पण १९५७ चा कॉपीराइट कायदा या बाबतीत लेखकाच्या बाजूने उभा आहे. अनुवाद करण्याचा वा करवून घेण्याचा हक्क मूळ लेखकाचा. तो दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी आणि सहीनिशीच, तोंडी शब्दाने नव्हे. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाचच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. कित्येक लेखक ‘कायमचे देऊन बसलो’ म्हणून हळहळतात. कागद मुदतीबाबत गप्प असेल तर ते हळहळणे बिनकारण आहे. मात्र ‘कायमस्वरूपी, सर्व भाषांचे, जगभर’ हे शब्द असतील तर सही करण्याआधी थांबा.

हक्क लेखकाबरोबर मरतही नाही. मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे तो वारसांचा. दया पवार १९९६ साली गेले, म्हणजे ‘बलुतं’चे हक्क २०५६ च्या अखेरपर्यंत. बेबीताई कांबळे २०१२ साली गेल्या, ‘जिणं आमुचं’चे हक्क २०७२ पर्यंत. वारसांपैकी किती जणांना हे सांगितले गेले आहे? आणि अनुवादकालाही स्वतःच्या अनुवादावर स्वतंत्र हक्क असतो. त्याच्याशीही करार हवा, मुखपृष्ठावर नाव हवे. आपलीच प्रकाशने यात चुकतात, हे कबूल केले पाहिजे.

कोणी म्हणेल, छोट्या प्रकाशनाला हे परवडत नाही. पैसा परवडत नसेल, मान्य. पण एक पान लिहून ‘मानधन नाही, दहा प्रती, मुदत पाच वर्षे’ एवढे म्हणायला काय खर्च येतो?

त्या काकांसाठी मी नोटीस तयार केली. ती त्यांनी पाठवू दिली नाही. ‘साधे पत्र लिहा, माणूस दुखावता कामा नये,’ म्हणाले. ते पत्र आम्ही दोघांनी मिळून लिहिले. मुदतीच्या जागेपाशी ते थबकले, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘वकीलसाहेब, पाचच लिहा. पुढचे माझी नात बघेल.’