पाटे वाढवले म्हणून गाडीची ताकद वाढत नाही



या अंकात ऊसविकास खात्याकडून बेणे बदल, खत मात्रा किंवा हुमणीबद्दल चार शब्द येतील, अशी आपली अपेक्षा असणार. परंतु आज मी थोडा बांध ओलांडून लिहिणार आहे. विषय आहे पिकअप गाडीचा. आपल्या कार्यक्षेत्रात आता बऱ्याच सभासदांच्या दारात पिकअप उभी आहे. बेणे, रोपांचे ट्रे, खताच्या गोण्या, जनावरांची वैरण, दुधाचे कॅन आणि वेळप्रसंगी पाहुणेरावळेसुद्धा तिच्यातूनच जातात. गाडी घेतली की पहिल्या महिन्यातच मालक कमानपाटेवाल्याकडे जातो आणि सांगतो, "मागं दोन पाटे वाढवा, गाडी जरा उचलून द्या." कुणी पाट्याखाली लोखंडी ठोकळे घालतो, कुणी पुढची बाजू उचलून गाडी 'लेव्हल' करून घेतो. शेतकी खात्याच्या माणसाने यात का बोलावे, असे कुणी म्हणेल. त्याचे कारण अगोदर सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्याच भावकीतल्या एका चुलतभावाची आडसाली लागण खोळंबली होती. रान तयार, सरी पडलेली, पाणी चालू आणि बेणे मळा सोळा-सतरा किलोमीटरवर. एकरी अडीच टनांच्या घरात बेणे लागते. त्याची पिकअप दीड टनाच्या आतली. "दोन खेपा कशाला करतोस? पाटे घालून घे आणि एका दमात आण," असा सल्ला त्याला मीच दिला. कृषी पदविका घेतलेला, लोकांना मात्रा मोजून सांगणारा माणूस मी. पण गाडीची मात्रा काही मोजली नाही. त्याने पाटे वाढवले, जुनेच यू-बोल्ट पुन्हा आवळले आणि बेणे भरले. ओढ्याच्या उतारावर सेंटर बोल्ट तुटला, मागचा धुरा एका बाजूने सरकला आणि गाडी चारीत गेली. भावाच्या गळपट्टीचे हाड मोडले. बेण्यावर बसलेल्या दोघा मजुरांनी उड्या टाकल्या, त्यातला एक अजूनही पाय ओढत चालतो. तो दर हंगामाला समोर दिसतो, आणि मला माझाच सल्ला आठवतो. म्हणून हा लेख.

पाट्याचे काम काय, हे आधी समजून घेऊ. पाटा ओझे पेलतो आणि धक्का सोसतो. पण गाडीची वाहण्याची ताकद एकट्या पाट्यावर ठरत नाही. धुरा, चाकांच्या बेअरिंग, टायर, चासी, ब्रेक या सगळ्यांचा हिशेब करून कारखानदार एकूण वजन ठरवतो, आणि ते आर. सी. पुस्तकात लिहिलेले असते. आपण पाटे वाढवतो तेव्हा यातली एकच वस्तू वाढते, बाकीच्या आहेत तेवढ्याच राहतात. बैलाच्या मानेवर मऊ कातडे लावून जू ठेवले म्हणून बैलाचे बळ वाढते का? खांदा सोलवटत नाही इतकेच. पण छातीत दम तेवढाच. वाईट असे की, पूर्वी गाडी मागे बसली की डोळ्यांना दिसायचे, 'ओझे जास्त झाले.' पाटे वाढवल्यावर गाडी बसतच नाही. म्हणजे ओझे आहे तेवढेच, फक्त ते सांगणारी खूण आपण पुसून टाकली.

आता थोडा हिशेब. सारख्या जाडीचे सहा पाटे असताना सातवा घातला तर ताठरपणा साधारण सहाव्या हिश्श्याने वाढतो. पण पाट्याची जाडी वाढवली तर ताठरपणा घनाच्या हिशेबाने वाढतो. आठ मिलिमीटरचे सगळे पाटे काढून तितकेच दहा मिलिमीटरचे घातले तर ताठरपणा जवळजवळ दुप्पट होतो. आणि आठच्या संचात एखादाच दहाचा पाटा घातला, तर वाकताना सगळ्यात जास्त ताण त्याच्यावर येतो व बहुधा तोच आधी मोडतो. मग लोक म्हणतात, "माल खोटा निघाला." माल खोटा नसतो, जोड खोटी असते.

खरा धोका ब्रेकचा आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. बऱ्याच पिकअपना मागच्या धुऱ्याजवळ एक व्हॉल्व्ह असतो. चासी आणि धुरा यांच्यातले अंतर तो एका दांडीने मोजत असतो. ओझे पडले, अंतर कमी झाले, की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की दाब कमी करतो, म्हणजे मागची चाके घसरत नाहीत. आता आपण मागची बाजू दोन इंच उचलली आणि वर दोन टन बेणे भरले. व्हॉल्व्हला काय वाटणार? अंतर मोठे आहे, अर्थी गाडी रिकामी आहे! नेमक्या भरल्या गाडीला तो मागचा ब्रेक कमी देतो. सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, ते तापतात आणि उतारावर पायाखालचा दम जातो. ज्यांच्या गाडीला हा व्हॉल्व्ह आहे त्यांनी उंची बदलली तर दांडी नव्या मापाने जुळवून घेतलीच पाहिजे. नवीन गाड्यांत ही व्यवस्था वेगळी असू शकते, म्हणून गाडीसोबत मिळालेले पुस्तक पाहावे. ते पुस्तक देवघरात ठेवण्यासाठी दिलेले नसते!

दुसरी गोष्ट दिव्यांची. मागची बाजू उचलली की नाक खाली जाते. दोन धुऱ्यांतले अंतर तीन मीटर धरा आणि मागचा धुरा सहा सेंटिमीटरने उंचावला असे धरा. मग उजेडाचा झोत दर मीटरला दोन सेंटिमीटर जास्त खाली पडतो. नव्वद सेंटिमीटर उंचीवरचा, मीटरला एक सेंटिमीटर उतरणारा डिपर दिवा नव्वद मीटरवर जमिनीला टेकायचा, तो आता तीस मीटरवरच टेकतो. ताशी साठच्या वेगाने तीस मीटर दोन सेकंदांच्या आत संपतात. हंगामात आपल्या रस्त्यावर रात्री काय काय असते हे मी सांगायला नको. टायरगाड्या, बैलगाड्या, अंधारात उभी राहिलेली ट्रॉली, तिच्या आडोशाला निजलेली माणसे. बेणे उतरवून रिकामी गाडी भरधाव परत येते, तेव्हा हे दोन सेकंद कुणाच्या तरी जिवावर येतात. उलट, ज्यांच्या गाडीचे पाटे मेलेले आहेत आणि ओझे जास्त आहे, त्यांचे दिवे आभाळाकडे पाहतात व समोरच्याचे डोळे दिपवतात.

आता आपल्या तरुण मंडळींच्या हौशीबद्दल. हौसेला मोल नाही हे खरे. पण कारखान्यातून गाडी मागे थोडी उंच येते ती चुकून नव्हे. ओझे भरल्यावर ती समपातळीत यावी म्हणून. रिकाम्या गाडीला पुढून उचलून सपाट केली, तर भरल्यावर ती मागे झुकणार. पुढची बाजू उचलली की चाकांचे कोन बदलतात, टायर एका कडेने झिजतात, स्टिअरिंग हलके किंवा ओढरे होते. मोठे टायर घातले तर काटाही खोटे बोलतो. टायरचा व्यास वीस हिश्श्यांपैकी एका हिश्श्याने वाढला, तर काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात त्रेसष्टने पळत असते.

मग पाट्याचे काम करूच नये का? तसे माझे म्हणणे नाही. आपले रस्ते आणि पाणंदी कशा आहेत हे मी रोज मोटारसायकलवरून सोसतो. पाटे थकतात, बसतात, त्यांचा बाक जातो. ते बदलावेच लागतात. परंतु काम करायचे तर पुरते करावे, एक तुकडा घालून सोडू नये.

पाटे बदलायचे तर दोन्ही बाजूंचे, एकाच मापाचे आणि त्या गाडीला नेमून दिलेले घ्यावेत. यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट नवीन घ्यावेत. एकदा ओढून ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तशीच पकड देत नाही. नवे बसवल्यावर चार-पाचशे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळून घ्यावेत. शॅकलचे बुश आणि पिना त्याच वेळी पाहाव्यात. शॉकअप ओझे पेलत नाही, तो फक्त पाट्याची उसळी आवरतो. उंची वाढली आणि शॉकअप जुन्याच लांबीचा राहिला, तर खड्ड्यात चाक खाली लोंबले की तो पुरता ताणला जाऊन आतून फाटतो. मागचा ब्रेकचा रबरी पाइप चाक लोंबल्यावर ताणला जातो का, हे गाडी जॅकवर घेऊन डोळ्यांनी पाहावे. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलला की क्रॉस घरघरू लागतो, तो आवाज 'जुनी गाडी आहे' म्हणून सोडून देऊ नये. एका ठोकळ्यावर दुसरा ठोकळा कधीही रचू नये, आणि पुढच्या धुऱ्याखाली ठोकळा मुळीच घालू नये. शेवटी दिवे आणि अलाइनमेंट. एवढे सगळे केले तरी आर. सी. पुस्तकातला आकडा एका किलोनेही वाढत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

कायद्याचे म्हणाल, तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ही गोष्ट स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड कलम १९४ मध्ये आला. जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. एक खेप वाचवण्याच्या डिझेलशी या आकड्यांची तुलना आपणच करावी. आणि माल भरलेल्या गाडीवर माणसे बसवणे हे कायद्यात बसत नाही, शहाणपणातही बसत नाही.

आता माझ्या खात्याचे. 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' असे आपले झाले आहे. अडचण ओझ्याची आहे आणि आपण उपाय पाट्यावर करतो. एकराला अडीच टन बेणे लागणार असेल तर पिकअपच्या दोन खेपा धराव्यात आणि तोडही दोन टप्प्यांत करावी. त्यात तोटा नाही, कारण तोडलेले बेणे रानात वाळत पडत नाही, ताजे लागते. बेणे पाचटासकट आणावे, डोळ्यांना इजा होत नाही. ताठर पाट्यांच्या गाडीत ते जे उसळते-आपटते, त्यात डोळे दुखावतात आणि मग नांग्या पडल्या की दोष बेणे मळ्याला येतो. ज्यांना जमेल त्यांनी एकडोळा रोपांकडे वळावे. पाच फूट सरी आणि दीड फूट अंतराने एकरी पाच हजार आठशेच्या आसपास रोपे लागतात. ओझे हलके, आणि ट्रे मांडणीत नीट बसवले तर पिकअपच काय, तिचे पाटेही सुखी.

कारखान्याच्या व्यवस्थेकडेही माझी दोन मागणी आहेत. ही माझी वैयक्तिक मते आहेत, खात्याची नव्हेत. पहिली, हंगाम नसताना कारखान्याचा वजनकाटा आठवड्यातून एक दिवस सभासदांच्या पिकअपसाठी मोफत खुला ठेवावा. आपली गाडी भरल्यावर खरोखर किती भरते, हे बहुतेकांनी आजवर एकदाही पाहिलेले नाही. दुसरी, गळीत सुरू होण्यापूर्वी आपल्या गॅरेज विभागाने गटागटात एक दिवस पाटे, ब्रेक, दिवे तपासून द्यावेत. ट्रॅक्टर-ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावायची मोहीम आपण करतो, त्याच्याच जोडीला हे बसू शकते. ऊस तर आपण तपासून घेतो. तो आणणारी गाडी आणि ती चालवणारा आपलाच पोरगा, यांची तपासणी का नको?

तोवर प्रत्येकाने एवढे करावे. गाडी रिकामी, सपाट जागी उभी करावी. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंची उंची टेपने मोजावी आणि ऊस नोंदीच्या वहीतच लिहून ठेवावी. दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजावी. डावी-उजवीत बोटभराहून जास्त फरक दिसला की गाडी दाखवावी. याला खर्च नाही, दहा मिनिटे लागतात.

चुलतभाऊ आता दोन खेपा करतो. परवा बेणे नेताना भेटला, तेव्हा हसून म्हणाला, "साहेब, यंदा सल्ला काय?" मी म्हटले, "अर्धी गाडी भर, दोनदा ये, चहा माझ्याकडे." सल्ला देणाऱ्याने आपलाच जुना सल्ला मागे घेण्यात कमीपणा नाही. ज्याला त्याचे मोल भरावे लागले, त्याच्यापुढे तर नाहीच नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊसविकास अधिकारी