चुरशीचे सोंग आणता येत नाही

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. युरोपातला आजचा फुटबॉल पाहिला की ही म्हण उलटी करावीशी वाटते. पैसा असला की खेळाडू, मैदान, प्रसिद्धी असे सारे काही आणता येते. आणता येत नाही ती फक्त चुरस. कारण चुरस असते तिथे कोणीही हरू शकतो, आणि पैसा गुंतवणाऱ्याला नेमके हेच नको असते. त्याला हवी असते हमी. माझ्या मते युरोपीय फुटबॉलमधला खरा झगडा हमी आणि चुरस यांच्यातला आहे.

पैसा काही काल-परवा आला असे नाही. १९७९ साली नॉटिंगहॅम फॉरेस्टने ट्रेव्हर फ्रान्सिससाठी दहा लाख पौंड मोजले, तेव्हा लोकांनी तोंडात बोटे घातली होती. २०१७ साली पॅरिस सेंट-जर्मेनने नेमारसाठी २२ कोटी २० लाख युरो मोजले. पण आकड्यांची ही वाढ मला तितकीशी खुपत नाही. खुपते ते दार बंद होणे. १९७७ पर्यंत दुसऱ्या विभागात असलेल्या फॉरेस्टने १९७९ आणि १९८० असा दोनदा युरोपियन कप जिंकला. १९६७ साली हाच कप जिंकणाऱ्या सेल्टिकचे सारे खेळाडू ग्लासगोच्या आसपास तीस मैलांत जन्मलेले होते. उलट २००५ ते २०२४ या वीस वर्षांत इंग्लंड, स्पेन, इटली आणि जर्मनी या चार देशांबाहेरचा एकही संघ हा मान मिळवू शकला नाही. २०२५ मध्ये पॅरिसने ही रांग मोडली खरी, पण तीही कतारच्या तिजोरीच्या बळावर.

एवढ्यानेही श्रीमंतांचे समाधान झाले नाही. १८ एप्रिल २०२१ रोजी बारा बड्या क्लबांनी (सहा इंग्लिश, तीन स्पॅनिश, तीन इटालियन) ‘सुपर लीग’ जाहीर केली. वीस संघांपैकी पंधरा संघ कायमचे राहणार. ते कितीही वाईट खेळले तरी बाहेर पडणार नाहीत. आपल्या भाषेत सांगायचे, तर परीक्षेला बसायचे, पण नापास व्हायचे नाही, असा हा करार! करोनामुळे तेव्हा प्रेक्षागृहे ओस होती. रिकाम्या बाकांना तोंड नसते, असे मालकांना वाटले असावे. पण २० एप्रिलला चेल्सीच्या मैदानाबाहेर चाहते रस्त्यावर उतरले आणि त्याच रात्री सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. सरकारचा आणि इतर क्लबांचा विरोध होताच. तरी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हे चाहते आपल्याच क्लबाच्या फायद्याविरुद्ध उभे होते. हरण्याची भीती नसलेला विजय त्यांना नको होता.

का नको होता, हे लेस्टर सिटीकडे पाहिले की कळते. २०१५-१६ च्या मोसमाआधी त्यांच्या विजयावर सट्टेबाजांनी एकास पाच हजार असा भाव दिला होता. लेस्टरने प्रीमियर लीग जिंकली. २०२३ मध्ये हाच संघ खालच्या विभागात घसरला. ज्या शिडीने वर चढता येते, तिनेच खाली उतरावे लागते. शिडी काढून घेतली, तर वर बसलेले सुरक्षित होतील. पण पुढचा लेस्टर जन्मालाच येणार नाही.

म्हणून चाहते सारे संत आहेत, असे मात्र मी म्हणणार नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात सौदी अरेबियाच्या सरकारी निधीने न्यूकॅसल विकत घेतला, तेव्हा मैदानाबाहेर चाहत्यांनी जल्लोष केला. हा पैसा कोणाचा, असा प्रश्न त्या गर्दीत फारसा ऐकू आला नाही. शिवाय पैशावाचून भागतही नाही. १८८५ साली स्थापन झालेला आणि दोनदा एफ. ए. कप जिंकलेला बरी हा क्लब २०१९ मध्ये आर्थिक दुरवस्थेपायी लीगमधून काढला गेला. एका गावाचा शनिवारच सुना झाला.

तेव्हा नुसते प्रेम पुरत नाही. प्रेमाला मताचा अधिकार लागतो. २००२ साली विंबल्डनचा क्लब दूरच्या मिल्टन कीन्सला हलवण्याची परवानगी मालकांनी मिळवली, तेव्हा चाहत्यांनी स्वतःचा नवा क्लब काढला. अगदी तळापासून चढत तो २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोचला. जर्मनीत बहुतेक क्लबांत निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या हाती ठेवण्याचा नियम आहे. तिथल्या लीगने प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला वाटा गुंतवणूकदाराला विकायचे ठरवले, तेव्हा प्रेक्षकांनी मैदानावर टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो बेत सोडून द्यावा लागला. याच जर्मनीत बायर्नने २०१३ पासून सलग अकरा वेळा विजेतेपद मिळवले, हेही खरे. सभासदांच्या मतांनी चुरस आपोआप येत नाही. पण खेळ कोणाचा, हा प्रश्न तरी जिवंत राहतो. इंग्लंडनेही २०२५ मध्ये कायदा करून फुटबॉलवर स्वतंत्र नियामक नेमला आहे.

मित्रहो, आपला याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. कोल्हापूरकर तरी विचारणार नाही. पेठेच्या तालमीचा संघ शाहू स्टेडियमवर उतरतो, तेव्हा तो कोणाच्या मालकीचा असतो, हे त्याला ठाऊक आहे. आपण बाकीचे मात्र मध्यरात्री पडद्यासमोर बसतो आणि त्या वर्षी जो जिंकतो त्याचा शर्ट घालतो. प्रीमियर लीगला प्रक्षेपणातून मिळणाऱ्या पैशातला निम्म्याहून अधिक वाटा परदेशांतून येतो. त्यात आपलेही डोळे मोजलेले असतात. फक्त विजेत्यालाच पाहणारा प्रेक्षक मिळाला, तर मालक विजेत्यांचीच लीग काढतील. म्हणून माझे एवढेच सांगणे आहे, की एक संघ आपला म्हणा आणि तो घसरला तरी त्याला सोडू नका.