मुली कुठे होत्या?

मागच्या सेमिस्टरला आमच्या हॉस्टेलच्या टीव्ही हॉलमध्ये कोणीतरी लॅपटॉप जोडून 'इंडियन प्रेडेटर: मर्डर इन अ कोर्टरूम' लावली. नेटफ्लिक्सवर २०२२ मध्ये आलेली तीन भागांची डॉक्युमेंटरी. दिग्दर्शक आपला 'वळू', 'देऊळ'वाला उमेश कुलकर्णी आणि विषय तर आपल्या गावचाच. १३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात कस्तुरबा नगरच्या बायकांच्या जमावाने अक्कू यादव या गुंडाला भर कोर्टात ठार मारलं, ती घटना.

तिखट आणि चाकूचा प्रसंग आला तशा हॉलमध्ये शिट्ट्या वाजल्या. मीही वाजवली, खोटं कशाला बोलू! "असंच पाहिजे होतं बे," मागून कोणीतरी ओरडलं.

पण बाया बोलत होत्या तेव्हा? वर्षानुवर्षं घरात घुसणं, बलात्कार, खंडणी, आणि तक्रारीला गेलं की पोलिसांकडूनच अपमान. हे सगळं त्या सांगत होत्या आणि अर्धा हॉल मोबाईलमध्ये होता. दोघं तर मेसमध्ये जाऊन जेवून आले.

माझ्या मते ही गोष्ट खुनाची नाहीच, न लिहून घेतलेल्या तक्रारींची आहे. नावात 'मर्डर' आणि 'प्रेडेटर' टाकलं की आपण थ्रिलर बघायला बसतो, ही चूक बनवणाऱ्यांचीही. वस्ती बहुतांश दलितांची. हाच गुंड सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांत घुसला असता तर किती दिवस मोकळा राहिला असता? २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपी निर्दोष सुटले, त्यावरही टाळ्या पडल्या. आधीची दहा-बारा वर्षं त्या बायांना कोण परत देणार, हे कोणी विचारलं नाही.

आणि हॉलमध्ये एकही मुलगी नव्हती. शो साडेनऊचा, लेडीज हॉस्टेलचं गेट आठला बंद. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एका मैत्रिणीला मोठ्या उत्साहाने सांगायला गेलो. ती म्हणाली, "बघितली ते बरं केलं. पण बसस्टॉपपर्यंत आमच्या मागे येतात, त्यातले किती जण होते रे शिट्ट्या वाजवायला?"

मला दोन नावं माहीत होती. मी गप्प बसलो.

कल्चरल कमिटीला एकच विनंती आहे. पुढचा शो दुपारी ठेवा, ऑडिटोरियममध्ये, मुला-मुलींना एकत्र. आनंद पटवर्धनांची 'जय भीम कॉम्रेड' (२०११) लावा. मुंबईच्या रमाबाई नगरातला १९९७ चा गोळीबार तिच्यात आहे, आणि आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यातलं २००६ चं खैरलांजीही. फिल्म तीन तासांची आहे, मधल्या चहाचं मी बघतो.