पाटे बसले कुणामुळे?



आपल्या मुळशी खोऱ्यातली जुनी पिकअप समोरून नीट बघा. बहुतेक वेळा ती पुढून एका अंगाला कललेली दिसेल, आणि त्यातही डाव्या. गॅरेजवाला म्हणतो, "पाटे बसलेत, लेव्हल करून देतो." शहाणी माणसं म्हणतात, "गाडी म्हातारी झाली, भंगारात घाला." गाडी का बसली, हे मात्र दोघेही सांगत नाहीत.

डावाच पाटा का बसतो? पौड, पिरंगुट, भूगावच्या रस्त्याने भाजी, दूध, तांदूळ घेऊन निघालात की समोरून डंपर नाहीतर टँकर येतो. तो हटत नाही, हटायचं आपण. आपलं डावं चाक डांबराच्या तुटक्या कडेवरून साईडपट्टीवर आदळतं आणि पुन्हा वर चढतं. हे एकदा नाही, रोज होतं, जाता-येता होतं. पोलादालाही थकवा असतो. कमान उतरते, मग एखादा पाटा तुटतो. पाटा तुटला म्हणजे आपला निष्काळजीपणा, असं म्हणणाऱ्यांनी आधी ती साईडपट्टी बघावी.

दुसरं कारण, जादा माल. त्यावरून आपल्याला दोष देणारे पुष्कळ आहेत. एक सांगा, दोन फेऱ्यांचा माल एका फेरीत कोंबायची हौस कुणाला असते? भाजीला हमीभाव नाही. बाजारात जो निघेल तो भाव. त्यातून हमाली आणि तोलाई वजा जाते, घरी आल्यावर डिझेल वजा करायचं. पट्टी हातात पडते तेव्हा दुसऱ्या फेरीचा खर्च त्यात बसत नाही, म्हणून तो पाट्यांवर बसतो. गाडीची झीज हा शेतमालाच्या उत्पादनखर्चाचाच भाग आहे. तो भावात मिळाला नाही म्हणजे आपण दर फेरीला गाडीचा तुकडा तोडून गिऱ्हाईकाला फुकट देतो.

आता सरकारचा हिशेब बघा. २०२१ च्या अर्थसंकल्पात डिझेलवर लिटरमागे ४ रुपयांचा उपकर बसला. नाव काय, तर कृषी पायाभूत सुविधा! म्हणजे भाजी बाजारात नेणारा शेतकरी, शेतीच्याच नावाने, स्वतःच पैसे भरतो. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांच्या पासिंगची फी कित्येक पटींनी वाढवली. शॉकअप, टाय रॉड अशा मोटारीच्या सुट्या भागांवर २०१७ पासून २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. त्याच दिवशी ट्रॅक्टरचे टायर आणि सुटे भाग ५ टक्क्यांवर आले. चांगलं झालं. पण माल पिकवणारं यंत्र शेतीचं आणि तोच माल बाजारात नेणारं मोटारवाल्याचं, हा कुठला न्याय? शेतातच ठेवायला आपण भाजी पिकवतो काय?

हे सगळं खरं असलं, तरी भावांनो, स्वतःच्या जिवाशी खेळ करू नका. रस्त्याचा राग काढायला ताम्हिणीच्या वळणावर स्टिअरिंग हातातून सुटायला नको. नाक वर दिसलं म्हणजे गाडी सरळ झाली, असं नाही.

पुढचा एक्सल आणि पाटे यांच्यामध्ये लाकडाचा किंवा लोखंडाचा ठोकळा घालून उंची वाढवून देणारे भेटतात. जोरात ब्रेक दाबला की एक्सलला पीळ बसतो. तो ठोकळा सरकला, तर चाक कुठे जाईल याचा नेम नाही. काही गाड्यांना पुढे पाट्यांऐवजी टॉर्शन बार असतो. त्याचा बोल्ट पिळला की गाडी उचलते, पण बारचं बळ वाढत नाही. चाकाला खाली जायला जागा कमी उरते, गाडी दणके देते, बॉल जॉईंट लवकर जातात, टायर एका कडेने खातो. शंभर रुपयांत लेव्हल केलेली गाडी टायरात हजारो रुपये खाते.

करायचं असेल तर असं करा. गाडी रिकामी करून पक्क्या, सपाट जमिनीवर लावा. दोन्ही चाकांत हवा सारखी भरा. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांवर मोजा. पुढचा डावा कोपरा बसलेला दिसला तर मागचा उजवाही तपासा. कधी दुखणं मागे असतं आणि कण्हतो पुढचा. तुटका पाटा, सेंटर बोल्ट, शॅकलचे बुश आणि चेसीला गेलेला तडा बघा. पाटे बदलायचे तर दोन्ही बाजूंचे बदला आणि यू बोल्ट नवे घाला. दोन-चार फेऱ्यांनंतर ते पुन्हा आवळा. शेवटी अलाईनमेंट करा आणि हेडलाईटचा झोत तपासा, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जाईल.

आणि जिल्हा बैठकीला येताना या मागण्या घेऊन या:

१. साईडपट्ट्या डांबराच्या कडेबरोबर भरून घ्या, पावसाळ्याआधी.
२. शेतमाल नेणाऱ्या गाड्यांच्या सुट्या भागांना ट्रॅक्टरच्या भागांइतकाच कर लावा.
३. पासिंगची फी गाडीच्या वयावर नको. गाडी सुस्थितीत आहे की नाही, एवढंच तपासा.
४. भाजीपाल्याच्या आणि दुधाच्या भावात वाहतूक आणि गाडीची झीज धरा.

याच मुळशीने १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. आपल्याला कुणाची मेहेरबानी नको. घामाचा दाम द्या, गाडीचे पाटे आम्ही आमच्या पैशाने बदलू.