रुग्ण इथले, पुरावा तिथला

भारतीय त्वचारोगशास्त्राच्या गेल्या चार दशकांच्या खात्यात अभिमान आणि खंत ही दोन्ही एकाच आजाराच्या नावावर जमा आहेत. तो आजार म्हणजे पेम्फिगस. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच त्वचेवर उलटते, पेशींना एकमेकींशी घट्ट धरून ठेवणाऱ्या डेस्मोग्लीन नावाच्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि त्वचेचे थर सुटे होऊ लागतात. बहुतेक रुग्णांत सुरुवात तोंडातील न भरणाऱ्या व्रणांपासून होते. 'तोंड आले आहे' असे समजून महिनोन्‌महिने मलमे आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेण्यात जातात. पुढे अंगावर पातळ सालीचे फोड उठतात, फुटतात आणि भाजल्यासारखी उघडी त्वचा मागे ठेवतात. विसाव्या शतकाच्या मध्यावर स्टेरॉइड औषधे येण्यापूर्वी हा आजार बहुतांशी प्राणघातकच होता.

स्टेरॉइडने प्राण वाचू लागले, पण त्यांची किंमत मोठी होती. मोठ्या मात्रेत रोज, वर्षानुवर्षे गोळ्या घेतल्या की हाडे ठिसूळ होतात, मधुमेह जडतो, रक्तदाब वाढतो आणि जंतुसंसर्गाला दार उघडते. फोडांमुळे मरण्याऐवजी रुग्ण औषधाच्या परिणामांनी मरू लागले. या कोंडीतून वाट काढण्याचा एक धाडसी प्रयत्न दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे एम्समध्ये, झाला. डॉ. जे. एस. पसरिचा आणि डॉ. रामजी गुप्ता यांनी 1984 मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. पद्धत सांगायला सोपी होती. डेक्सामेथासोनचे 100 मिलिग्रॅम सलाईनमधून सलग तीन दिवस, त्यांपैकी एका दिवशी सायक्लोफॉस्फमाइडचे 500 मिलिग्रॅम, आणि हा क्रम दर 28 दिवसांनी. मधल्या काळात सायक्लोफॉस्फमाइडची रोज 50 मिलिग्रॅमची एक गोळी. रोज थोडे थोडे देण्याऐवजी महिन्यातून एकदा मोठा मारा, म्हणून तिला 'पल्स थेरपी' म्हणतात. प्रत्यारोपित मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे असे मोठे डोस पूर्वीपासून दिले जात होते. डेक्सामेथासोन त्याहून पुष्कळ स्वस्त आणि सरकारी रुग्णालयात सहज मिळणारे. गरिबांच्या देशात गरिबांना परवडेल असा तो शोध होता.

या पद्धतीने असंख्य रुग्ण बरे झाले. देशभरातील त्वचारोग विभागांनी ती स्वीकारली. 1995 मध्ये पसरिचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 300 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. ज्या आजारात जगभर 'आयुष्यभर औषध' हाच नियम होता, त्यात औषध पूर्ण थांबवूनही वर्षानुवर्षे निरोगी राहणारे रुग्ण भारतीय डॉक्टर दाखवू शकत होते. हा अभिमानाचा भाग झाला.

खंतेचा भाग इथेच सुरू होतो. इतके रुग्ण, इतकी वर्षे आणि इतका अनुभव हाताशी असूनही एका साध्या प्रश्नाचे ठाम उत्तर भारताने जगाला दिले नाही: या उपचारातील कोणता घटक नेमके काम करतो? या पद्धतीत दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. स्टेरॉइड देण्याची रीत बदलली आणि सोबत सायक्लोफॉस्फमाइड आले. प्रयोगशाळेत दोन कळा एकाच वेळी फिरवल्या आणि काटा हलला, तर तो कोणत्या कळीने हलवला हे सांगता येत नाही. वैद्यकशास्त्राचा नियम वेगळा नाही. रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडायचे, एका गटाला एक घटक द्यायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही, आणि पुरेशा मोठ्या संख्येने, पुरेसा काळ दोघांकडे समान नजरेने पाहायचे. शंभर बरे झालेले रुग्ण डोळ्यांसमोर असणे आणि ते कशामुळे बरे झाले हे ठाऊक असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ही चर्चा केवळ विद्वानांची नाही, कारण सायक्लोफॉस्फमाइड हे निरुपद्रवी औषध नव्हे. ते स्त्रीच्या बीजांडकोशांना इजा करते, पाळी कायमची थांबवू शकते. पुरुषांत शुक्रजंतूंची निर्मिती बंद पाडू शकते. भारतात पेम्फिगस पाश्चात्त्य देशांच्या तुलनेने तरुण वयात गाठतो, म्हणजे संसार उभा करण्याच्या वयात. पसरिचा यांच्या गटालाही या धोक्याची जाणीव होती; ज्यांचे कुटुंब पूर्ण झालेले नाही अशांना हे औषध वगळून नुसते डेक्सामेथासोन देण्याची सोय पद्धतीत होती. पण मग प्रश्न अधिकच टोकदार होतो. नुसते डेक्सामेथासोन पुरेसे असेल, तर ज्यांनी सायक्लोफॉस्फमाइड घेतले त्यांची अपत्यप्राप्तीची शक्यता विनाकारण पणाला लागली. ते पुरेसे नसेल, तर ज्यांना वगळले त्यांना दुय्यम उपचार मिळाला. दोन्हींपैकी एक गोष्ट घडत होती, आणि कोणती ते कळण्याचा मार्ग चाचणीशिवाय दुसरा नव्हता.

याला एक प्रतिवाद नेहमी केला जातो आणि तो ऐकून घेण्याजोगा आहे. 1980च्या दशकात वॉर्डात मरणासन्न रुग्ण पडलेला असताना चिठ्ठ्या टाकत बसणे अमानुष ठरले असते. निधी नव्हता, मनुष्यबळ नव्हते, आणि आजारही विरळा. पहिल्या काही वर्षांपुरते हे मान्य करावे लागेल. जीव वाचवणाऱ्याला संख्याशास्त्राचा जाब विचारणे उद्धटपणाचे होईल. परंतु तुलना उपचार आणि अनुपचार यांच्यात करायची नव्हती. रोजच्या गोळ्या की महिन्याचा मारा, सायक्लोफॉस्फमाइडसह की त्याविना, अशी ती तुलना होती. दोन्ही गटांना उपचार मिळालाच असता. आणि पहिल्या पाच वर्षांची सबब चाळीस वर्षांना पुरत नाही. या पद्धतीची एक छोटी तुलनात्मक चाचणी पुढे झाली ती जर्मनीत. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत अवघे 22 रुग्ण होते आणि इतक्या थोड्या रुग्णांवरून ठाम निष्कर्ष निघणे शक्यच नव्हते. भारतीय उपचाराची परीक्षा घेण्यासाठी लागणारे रुग्ण जर्मनीत नव्हते, ते भारतात होते.

दरम्यान इतिहास पुढे सरकला. प्रतिपिंडे बनवण्याच्या साखळीतील 'बी' पेशींना नष्ट करणारे रिटुक्सिमॅब हे औषध 1997 पासून लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठी वापरात होते. फ्रान्समधील 25 केंद्रांनी एकत्र येऊन ते पेम्फिगसच्या नव्या रुग्णांत तपासले. सहभागी केवळ 90. रिटुक्सिमॅब आणि अल्पकाळ स्टेरॉइड घेतलेल्या 46 पैकी 41 जण दोन वर्षांनी औषधाविना पूर्ण निरोगी होते. नुसते स्टेरॉइड घेतलेल्या 44 पैकी 15. म्हणजे 89 टक्के विरुद्ध 34 टक्के. 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे निष्कर्ष आले आणि 2018 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या आजारासाठी रिटुक्सिमॅबला मान्यता दिली. आज जगभरच्या उपचारसूचींत ते पहिल्या फळीत आहे. भारतीय पल्स थेरपीला असंख्य रुग्णांनी जे स्थान मिळवून दिले नाही, ते नव्वद रुग्णांच्या नीट आखलेल्या तुलनेने रिटुक्सिमॅबला मिळवून दिले. यात पाश्चात्त्यांचा पक्षपात शोधण्यापेक्षा आखणीचे सामर्थ्य ओळखणे अधिक प्रामाणिक ठरेल.

आता तीच चूक दुसऱ्यांदा घडण्याच्या बेतात आहे. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने 2007 मध्येच रिटुक्सिमॅबची स्वस्त, जैवसदृश आवृत्ती बाजारात आणली. त्यामुळे भारतीय रुग्णालयांत या औषधाचा वापर वाढला, आणि खर्च आवरण्यासाठी अर्धी मात्रा देण्याची रीतही आली. अर्धी मात्रा पुरते का, हा अस्सल भारतीय आणि अत्यंत मोलाचा प्रश्न आहे. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने तो योग्य रीतीने, चिठ्ठ्या टाकून, विचारला. 2014 मध्ये उत्तरही प्रसिद्ध केले. रुग्ण मात्र पुन्हा 22. एका संस्थेच्या कुवतीत जेवढे बसते तेवढे तिने केले. अशा दहा संस्था एकत्र आल्या असत्या, तर उत्तर संपूर्ण जगाला उपयोगी पडले असते. क्षयरोग जिथे घरोघरी आहे, तिथे 'बी' पेशी नष्ट केल्यावर पुढे कोणते संसर्ग किती वाढतात, हाही प्रश्न पॅरिसमध्ये सुटणारा नाही.

पेम्फिगस हे एकच उदाहरण नव्हे. त्वचेच्या ॲलर्जीकडे पाहावे. 1950च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत देशभर पसरले आणि त्याच्या कणांनी चेहरा, पापण्या, मान, कोपरांच्या घड्या सुजवणारा दीर्घ आजार शेतकऱ्यांच्या वाट्याला आला. त्यावर ॲझाथायोप्रिन या जुन्या, स्वस्त गोळीचा उपयोग एम्सच्या डॉक्टरांनी तपासला, हे स्तुत्यच. पण ही गोळी काही जणांच्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली आणते. युरोपात यासाठी टीपीएमटी या जनुकाची तपासणी पुरेशी मानली जाई. आशियाई लोकांत मात्र एनयूडीटी15 या दुसऱ्याच जनुकाचे दोष अधिक आढळतात. परक्या लोकसंख्येवर बेतलेली तपासणी इथे आंधळेपणाने वापरली, तर धोका असलेला रुग्ण निर्धास्त म्हणून घरी पाठवला जातो.

त्वचेच्या कर्करोगाचेही तसेच. सावळ्या त्वचेत उन्हामुळे होणारा कर्करोग कमी, म्हणून विषय दुर्लक्षित. पण पश्चिम बंगालमध्ये कूपनलिकांच्या पाण्यातील आर्सेनिकने तळहात-तळपायांवर खडबडीत गाठी येतात आणि त्यांतील काहींचा पुढे कर्करोग होतो. कोलकात्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतील डॉ. के. सी. साहा यांनी 1980च्या दशकात हे त्वचाविकार ओळखले. 2015 मध्ये ऑस्ट्रेलियातील 386 जणांच्या चाचणीत निकोटिनामाइड या स्वस्त जीवनसत्त्वाने उन्हाच्या कर्करोगाचे नवे ठिपके वर्षभरात 23 टक्क्यांनी घटवले. आर्सेनिकच्या रुग्णांत त्याचा उपयोग होईल का, हे गंगेच्या खोऱ्यातच तपासावे लागेल. स्वच्छ पाण्याची जागा कोणतीही गोळी घेऊ शकत नाही, परंतु ज्यांच्या शरीरात विष आधीच भिनले आहे त्यांचा प्रश्न पाणी बदलून संपत नाही.

जुन्या, स्वस्त, स्वामित्वहक्क संपलेल्या औषधांची चाचणी कोणतीही कंपनी करणार नाही. तिला त्यातून काही मिळायचे नसते. म्हणून हे काम सार्वजनिक पैशाचे आहे. ब्रिटनने ते करून दाखवले. वृद्धांना होणाऱ्या पेम्फिगॉइड या फोडांच्या आजारात डॉक्सिसायक्लिन ही साधी प्रतिजैविकाची गोळी स्टेरॉइडसमोर उभी करण्यात आली. सरकारी निधी, ब्रिटन आणि जर्मनी मिळून 61 केंद्रे, 253 रुग्ण. सहा आठवड्यांत फोड आटोक्यात आणण्यात स्टेरॉइड सरस ठरले, 91 विरुद्ध 74 टक्के. पण वर्षभरातील गंभीर दुष्परिणाम डॉक्सिसायक्लिनच्या गटात 18 टक्के, तर स्टेरॉइडच्या गटात 36 टक्के. ज्या आजोबांना मधुमेह आहे, त्यांच्या डॉक्टरला आता अंदाजाने नव्हे तर आकड्यांनी निर्णय घेता येतो.

भारताजवळ यासाठी लागणारे जवळजवळ सर्व काही आहे. चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही 2007 पासून आहे, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आहे, शेकडो वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोग विभाग आहेत. नाही ती त्यांना बांधणारी दोरी. प्रत्येक विभागात पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधासाठी वीस-तीस रुग्ण गोळा करतो, पदवी घेतो, आणि ती माहिती कपाटात जाते. तेच रुग्ण एका समान आराखड्याखाली, समान मोजमापाने नोंदले गेले, तर तीन वर्षांत देशाजवळ असा संच असेल की ज्याचा हेवा फ्रान्सलाही वाटावा. पैसा लागेल, पण त्याहून अधिक लागेल तो संस्थांनी परस्परांशी श्रेय वाटून घेण्याचा मोठेपणा.

सुरुवात कुठून करावी, याबद्दल फार खल करण्याची गरज नाही. रिटुक्सिमॅबची अर्धी मात्रा पुरते का, आणि ते परवडत नसणाऱ्यांसाठी सायक्लोफॉस्फमाइड वगळलेली पल्स थेरपी चालते का, हे दोन प्रश्न पहिल्या क्रमांकाचे. आजही एखाद्या जिल्हा रुग्णालयात पंचविशीतली विवाहिता या आजाराने दाखल होते आणि हे औषध घेतल्यावर मूल होईल का, असे विचारते. तिला खरे उत्तर देता यावे एवढी माहिती या देशातील रुग्णांनी गेल्या चाळीस वर्षांत स्वतःच्या शरीरांवर सोसून पुरवली होती. ती मोजून ठेवण्याचे काम तेवढे राहिले, आणि ते आता आणखी लांबवू नये.